अपघात झाला, चूक कोणाची? रस्ता की चालक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठा अपघात झाला की चार दिवस सगळीकडे एकच वाद रंगतो. एक बाजू म्हणते रस्ताच जीवघेणा आहे, दुसरी म्हणते लोकांना गाडी चालवायची अक्कल नाही. या वादात नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली आहेत.

थोडक्यात सांगा: जबाबदार कोण, रस्ता की चालक?

अपघाताची सुरुवात बहुतेक वेळा माणसाच्या चुकीने होते. त्या चुकीपोटी गाडीला नुसता पोचा येईल की कोणाचा जीव जाईल, हे मात्र बऱ्याचदा रस्ता ठरवतो. म्हणून ‘अपघात का झाला’ आणि ‘माणूस का गेला’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत. वाद घालताना आपण ते एकत्र कालवतो आणि मग कोणाचंच बोलणं कोणाला पटत नाही.

सरकारी आकडे काय म्हणतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. महाराष्ट्रातले मृत्यू होते १५,२२४. उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूनंतर आपला नंबर तिसरा. देशातल्या एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू ‘अतिवेग’ या कारणाखाली नोंदले गेले.

त्याच अहवालात आणखी दोन आकडे आहेत. मेलेल्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं आणि १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. हेल्मेट नाही म्हणून अपघात होत नाही, पण झालेल्या अपघातातून माणूस उठून बसणार की नाही याच्याशी त्याचा थेट संबंध असतो. वर सांगितलेला दोन प्रश्नांमधला फरक हाच.

७१ टक्के अतिवेग म्हटल्यावर विषय संपला नाही का?

हा आकडा तयार कसा होतो ते आधी पाहू. अपघात झाल्यावर हवालदार पोचतो तेव्हा मागे दोन किलोमीटर वाहनं तुंबलेली असतात. जखमींना ग्रामीण रुग्णालयात पाठवायचं, क्रेन बोलवायची, रस्ता मोकळा करायचा आणि या सगळ्यातून दोन पंच शोधून पंचनामाही करायचा. मग फिर्याद लिहिली जाते आणि तिच्यात ठरलेलं वाक्य येतं: ‘हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात वाहन चालवून...’ रस्त्याची परिस्थिती वाईट असली तरी तिच्याकडे दुर्लक्ष केलं म्हणून पुन्हा चालकच दोषी! वेग कोणी मोजलेला नसतो. गाडीचा चेंदामेंदा झालाय, म्हणजे वेग जास्त असणार, असा तो अंदाज असतो.

यात पोलिसांना बोल लावण्यात अर्थ नाही. गुन्हा दाखल होतो तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १०६ खाली (पूर्वीची भादंवि २७९ आणि ३०४-अ), आणि ही कलमं माणसाला लागतात. चुकीच्या ढाळाच्या वळणाला आरोपी करता येत नाही. रंग उडालेला फलक, संपलेली साइडपट्टी, दुभाजकाचं उघडं टोक यांची नोंद झालीच तर घटनास्थळाच्या वर्णनात होते. कारणाच्या रकान्यात ती सहसा पोचत नाही.

अलीकडे ई-डार नावाच्या संगणकीय प्रणालीत पोलिसांबरोबर परिवहन, रस्ते आणि आरोग्य खात्यांनीही आपापली माहिती भरायची असते. ती मनापासून भरली गेली, तर काही वर्षांनी हे टक्के बदललेले दिसतील.

अतिवेग हे थोतांड आहे असं मात्र कोणी समजू नये. ताशी १०० च्या वेगात गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ३०-४० मीटर संपलेले असतात. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. त्या हिशेबातून कोणाचीही सुटका नाही.

‘९० टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात’ हे तर जगभर सिद्ध झालंय ना?

हे वाक्य जवळपास प्रत्येक रस्ता सुरक्षा सप्ताहाच्या भाषणात असतं. त्याच्या मुळाशी जे अभ्यास आहेत, त्यांतला एक गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने १९७० च्या दशकात केला. त्यात सुमारे ९३ टक्के अपघातांत माणसाची चूक सापडली. पण रस्ता आणि परिसर यांचा वाटा ३४ टक्के अपघातांत सापडला होता आणि वाहनातल्या दोषाचा १३ टक्के अपघातांत. बेरीज शंभरच्या पुढे जाते, कारण एकाच अपघातात दोन-तीन कारणं असू शकतात. भाषणात फक्त पहिला आकडा येतो, उरलेले दोन स्टेजच्या मागेच राहतात.

एकाच अपघातात रस्ता आणि माणूस दोघंही दोषी, असं एखादं ठळक उदाहरण?

चारोटीचा अपघात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदाबादकडून मुंबईला येणारी मर्सिडीज पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. पुढच्या सीटवरचे दोघं जबर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. कंपनीने गाडीतली माहिती तपासून सांगितलं की धडकेच्या पाच सेकंद आधी वेग १०० होता आणि ब्रेक दाबल्यानंतर आदळताना ८९.

पोलिसांनी चालकावर हयगयीचा गुन्हा नोंदवला. दुसरीकडे, जागेची पाहणी केलेल्या न्यायवैद्यक पथकाने पुलाच्या रचनेकडे बोट दाखवलं. तीन पदरी रस्ता त्या पुलापाशी दोन पदरी होतो आणि कठड्याचं काँक्रीटचं टोक सरळ पुढ्यात येतं.

आता यातली एकेक गोष्ट बदलून बघा. वेग कमी असता तर कदाचित गाडी वेळेत सावरली असती. कठड्याच्या आधी तिरका क्रॅश बॅरियर असता, तर गाडी घासत गेली असती, पत्रा फाटला असता, विमा कंपनीशी हुज्जत झाली असती आणि बातमी झाली नसती. मागे सीटबेल्ट असते तर पुढच्या दोघांसारखेच मागचे दोघंही दवाखान्यातून घरी आले असते अशी बरीच शक्यता होती. यांपैकी एकच कारण निवडून ‘खरं कारण हे’ म्हणण्यात मला काही हशील दिसत नाही.

बहुतेक अपघात सरळ रस्त्यावर होतात म्हणे. मग रस्ता दोषी कसा?

२०२२ च्या अहवालात सुमारे ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावरचे आहेत, हे खरं आहे. पण सरळ रस्त्यांची लांबीच जास्त आहे. आणि सरळ म्हणजे निर्धोक नव्हे. आपल्या सरळ रस्त्यावर दर पाच किलोमीटरला एखादं गाव दुभाजकाच्या फटीतून पलीकडे जात असतं, शेतातला ट्रॅक्टर उलट्या दिशेने येत असतो आणि हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रिफ्लेक्टरशिवाय अंधारात चाललेल्या असतात. पंक्चर काढून ट्रक निघून जातो, पण चाकाला लावलेले दगड तिथेच पडलेले असतात. दुचाकीवाल्याला ते दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

नवले पुलावर सारखे अपघात का होतात? तिथे तर उतारावर चालकच गाडी न्यूट्रल करतात ना?

करतात. डिझेल वाचावं म्हणून अवजड गाडी न्यूट्रल करून, कधी इंजिन बंद करून उतारावर सोडून देण्याची सवय जुनी आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्याच्या नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. तेव्हाच्या प्राथमिक तपासात इंजिन बंद केल्याचंच समोर आलं होतं.

इंजिन बंद केल्यावर काय होतं ते समजून घ्या. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन बंद म्हणजे नवी हवा बंद. टाकीत शिल्लक असलेली हवा प्रत्येक वेळी पाय दाबला की कमी होते. न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढही नसते, म्हणजे वीस-तीस टनांचा सगळा भार एकट्या ब्रेकवर. ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात आणि मग ‘ब्रेक फेल झाले’ असं चालक सांगतो. ब्रेक आधी चांगले होते, उताराने ते संपवले. जुने ड्रायव्हर क्लीनरला पहिल्यांदा हेच शिकवायचे: ज्या गियरला घाट चढशील, त्याच गियरला उतर.

इथपर्यंत चालकाची चूक झाली. पण कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर लांबच लांब, न तुटणारा उतार आहे आणि त्याच्या पायथ्याशी शहर येऊन थांबलंय: सेवा रस्त्यावरून घुसणारी वाहनं, बसची वाट बघणारी माणसं, सिंहगड रस्ता आणि नऱ्ह्याकडची गर्दी. रम्बलर (गाडीला हादरे देऊन सावध करणारे पट्टे) लावले, कॅमेरे लावले, फलक लावले. तरी १३ नोव्हेंबर २०२५ ला कंटेनरने पुन्हा वाहनं चिरडली, आग लागली आणि आठ जण गेले. त्यानंतर वेगमर्यादा आणखी खाली आणली गेली. चालक दरवेळी निराळा असतो, गाडी निराळी, नंबरप्लेट निराळ्या राज्याची. जागा तेवढी तीच. एकाच ठिकाणी इतके ‘बेजबाबदार’ चालक गोळा होत असतील, तर त्या ठिकाणाला प्रश्न विचारायलाच हवा. बाहेरच्या देशांत अशा उतारांना सुट्या खडीची बगल ठेवतात. ब्रेक गेलेला ट्रक त्यात घातला की रुतून थांबतो. शहर अंगाला येऊन भिडल्यावर तेवढी जागा उरत नाही, हे नियोजनाचं पाप.

‘ब्लॅक स्पॉट’ कशाला म्हणतात?

राष्ट्रीय महामार्गावरचा साधारण ५०० मीटरचा टप्पा, जिथे मागच्या तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा एकूण दहा माणसं गेली. म्हणजे जागा धोकादायक आहे हे यादीत यायला आधी माणसं मरावी लागतात. गावातला रिक्षावाला पहिल्याच आठवड्यात सांगतो, ‘इथे गाड्या जाणार.’ त्याचं म्हणणं लिहून घेणारा रकाना नाही.

समृद्धीसारखा गुळगुळीत रस्ता असूनही माणसं का मरतात? यावरून चालकच दोषी हे सिद्ध होत नाही का?

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, शेवटचा इगतपुरी ते आमणे जून २०२५ मध्ये. कारला १२० ची मर्यादा. रस्ता उत्तम, वळणं थोडी, दोन्ही बाजूंना सारखाच देखावा. अशा रस्त्यावर डोळे उघडे असतात आणि मेंदू पेंगतो. शिवाय सुरुवातीला मैलोन्‌मैल चहाची टपरीही नव्हती. पाय मोकळे करायला चालकाने थांबायचं कुठे?

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. टायर फुटल्याचं चालकाने सांगितलं. आरटीओच्या अहवालाने ते नाकारलं.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ दुसरा अपघात झाला आणि तो या सगळ्या वादाला पुरून उरतो. भरलेला टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या ट्रकवर मागून आदळला, १२ जण ठार. ट्रक तिथे का उभा होता? तपासणीसाठी अधिकाऱ्यांनीच तो थांबवला होता असं समोर आलं आणि आरटीओच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. टेम्पोतही क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. रस्ता खराब नव्हता. चालकाला झापड आली असेलही, पण महामार्गावर रात्री उभा ट्रक ही त्याची करणी नव्हती.

आणि चालकाला झोप का येते हेही विचारा. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा (नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या कामगार संहितेत सामावला गेला), त्यात दिवसाला आठ तास काम ठरवून दिलं होतं. सणासुदीला खासगी ट्रॅव्हल्सची एक फेरी उतरवून लगेच दुसरीवर बसणाऱ्या चालकाला हे सांगून बघा. चालकाचा निष्काळजीपणा कित्येकदा मालकाच्या वेळापत्रकातच छापलेला असतो.

फक्त चालकाची किंवा फक्त रस्त्याची चूक, असं कधी होतच नाही का?

होतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या अंधारात थेट नदीत गेल्या. त्या चालकांनी काय करायला हवं होतं?

उलट बाजूला पुण्यातल्या कल्याणीनगरचा मे २०२४ चा अपघात. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मद्यप्राशन केलेला १७ वर्षांचा मुलगा भरधाव पोर्शे चालवत होता आणि दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते जागीच गेले. तिथे रस्त्याला दोष द्यायला जागा नाही. त्या मुलाच्या जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध होता, हे लोक अजून विसरलेले नाहीत.

ही दोन टोकं झाली. बाकीचे अपघात मधल्या जागेत होतात.

खड्ड्यांमुळे किती लोक मरतात?

नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १,८५६. एकूण मृत्यूंच्या एक टक्क्याच्या आसपास. पावसाळ्यातल्या ओरडीच्या मानाने हा आकडा लहान वाटतो. पण खड्डा चुकवायला दुचाकी उजवीकडे घेतली आणि मागून डंपर आला, तर गुन्हा डंपरवाल्यावर दाखल होतो. खड्डा कागदावर येत नाही, आणि पुढच्या चार दिवसांत बुजवलाही जातो.

गावकरी स्वतःच गतिरोधक घालतात, ते योग्य आहे का?

बेकायदा आहे आणि धोक्याचंही. पण ते का घालतात हे कळतं. शाळेचं पोर गेल्यावर पाच अर्ज देऊन काही हलत नाही, मग एका रात्रीत मुरूम-डांबराचा उंचवटा तयार होतो. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटीमीटर उंच असतो, आधी फलक आणि वर पांढरे पट्टे हवेत. गावचा गतिरोधक हातभर रुंद, वीतभर उंच आणि बिनरंगाचा असतो. रात्री नवखा दुचाकीवाला त्यावरून उडतो आणि मागे बसलेली बाई पडते.

रस्ता सुधारून मृत्यू कमी झाल्याचा पुरावा आहे का?

मुंबई-पुणे एक्सप्रेसवे. २०१६ मध्ये इथे १५१ माणसं गेली होती. त्या वर्षापासून रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांनी मिळून ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ नावाने काम सुरू केलं. २०२० मध्ये मृतांचा आकडा ६६ वर आला. ते टाळेबंदीचं वर्ष होतं हे खरं, पण उतरण त्याआधीच सुरू झाली होती. कामं काय केली? काँक्रीटची उघडी टोकं झाकली, बॅरियर बसवले, दुभाजकात तारदोर लावले, बाजूला उभ्या राहणाऱ्या वाहनांवर कारवाई केली, रुग्णवाहिका लवकर पोचेल असं पाहिलं. त्या काळात महाराष्ट्रातले चालक अचानक सज्जन झाले होते असं कोणी म्हणणार नाही. लेन कापणारे तेव्हाही होते, आजही आहेत. जुलै २०२४ पासून त्यांच्यावर कॅमेऱ्यांची नजर आहे.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये हेच धोरण म्हणून मान्य केलं: माणूस चुकणारच, त्या चुकीला मृत्युदंड नको.

रस्ता चुकीचा बांधला तर ठेकेदारावर काही होतं का?

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता न बांधल्याने किंवा न राखल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित अधिकारी, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. बऱ्यापैकी मोटरसायकल याहून महाग पडते. तुरुंगवास नाही. चालकाला मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याच्या नजरेत कोण किती दोषी, ते या दोन आकड्यांवरून ओळखा.

खड्ड्यात पडून कोणी दगावलं तर भरपाई मिळते का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूसाठी सहा लाख आणि दुखापतीसाठी ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. वाहनाच्या धडकेतल्या भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजारांची वेगळी योजना आहे.

जखमीला मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागतो का?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ खाली मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगायचीही सक्ती नाही. १०८ ला फोन करा.

आमच्या गावाजवळ धोक्याची जागा आहे. तक्रार कोणाकडे करायची?

आधी रस्ता कोणाचा ते शोधा, निम्म्या तक्रारी इथेच अडकतात. राष्ट्रीय महामार्ग असेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग, राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम खातं, एक्सप्रेसवे आणि समृद्धी रस्ते विकास महामंडळाकडे, गावरस्ते जिल्हा परिषदेकडे. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा फोन आहे.

अर्जात ‘आमच्या गावाजवळचं वळण’ असं लिहू नका, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा लिहा. दिवसा एक आणि रात्री गाडीच्या दिव्यात एक, असे दोन फोटो जोडा. फलक दिसतो की नाही ते रात्रीच्या फोटोतच कळतं. गेल्या तीन वर्षांतल्या अपघातांच्या तारखा पोलीस ठाण्यातून माहिती अधिकारात मिळवा आणि ब्लॅक स्पॉटच्या व्याख्येत बसत असतील तर तसं स्पष्ट लिहा. प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या, कारण जिल्हा रस्ता सुरक्षा समिती त्यांच्याकडे असते. आणि पोच घ्यायला विसरू नका, पुढचा अपघात झाल्यावर तो कागद लागतो.